तळघरातले बिऱ्हाड

घर भाड्याने द्यावे की कुलूप लावून ठेवावे, असा प्रश्न पडला की पुष्कळसे मराठी घरमालक कुलूपच पसंत करतात. कुलूप भाडे देत नाही हे खरे. पण ते कोर्टातही जात नाही, असा त्यांचा साधा हिशेब असतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांतून एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली. त्याच शहरांत एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा माणसे दाटीवाटीने राहत होती. म्हणजे जागा होती, माणसेही होती. मध्ये उभी होती ती धास्ती.

या धास्तीला इतिहास आहे. मुंबईत भाड्यावर पहिले बंधन आले ते १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या महागाईत. पुढे १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि त्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून टाकले. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब बिऱ्हाडकरू रस्त्यावर येऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच होता. पण भाव चढत गेले व भाडे होते तेथेच राहिले. मग पागडी आली. मग ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ आले. त्यावर सरकारने कडी केली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा परवाना चालू होता, त्या सर्वांना कायद्याने भाडेकरू ठरवून टाकले. ज्यांच्या घरात हे घडले त्यांच्या नातवंडांनाही ती तारीख पाठ असते. शेवटी १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या गोठलेल्या भाड्यांना अवाजवी म्हटले. महाराष्ट्राचा १९९९ चा नवा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कायदा बदलला. धास्ती मात्र जुन्याच कायद्याची चालू आहे.

हा सगळा इतिहास मला धुंडाळावा लागला तो आमच्या म्हसावदच्या घरापायी.

म्हसावद म्हटले की पुष्कळांना जळगावजवळचे रेल्वे स्टेशन आठवते. आमचे म्हसावद ते नव्हे. आमचे गाव शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तोरणमाळला जाताना लागते ते. जिल्हा पूर्वी धुळे होता, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार झाला. शिवारात कापूस, ऊस, केळी, पपई. मे महिन्यात ऊन असे की दुपारी कुत्रेसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

थोरले बंधू गेले आणि त्या घरात वहिनी एकट्या राहिल्या. मुलगा कॅनडात, मुलगी सुरतेस, मी नाशिकला. तिघांनीही त्यांना ‘आमच्याकडे चला’ म्हणून पाहिले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्याकडे मी चार दिवस पाहुणी म्हणून येईन, गोडधोड करून घालीन. पण कायमची पाहुणी व्हायला मला सांगू नका.” शेत बटाईने दिलेले; पीक आले तर पैसा, नाही तर नाही. बंधू शेतकरी, तेव्हा पेन्शन कोठले? त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: दरमहा ठरलेल्या दिवशी हातात येणारी एक रक्कम, आणि रात्री हाक मारली तर ‘ओ’ देणारे कोणीतरी. या दोन्ही गोष्टी एका बिऱ्हाडाने मिळू शकत होत्या.

जागा कोठली द्यायची, हाही प्रश्न नव्हता. आमच्या घराला तळघर आहे. आजोबांच्या काळी तेथे कापूस आणि धान्य भरीत. बंधूंनी पुढे त्याला गिलावा करून, फरशी बसवून, दिवे-पंखे लावून उन्हाळ्याची खोली बनवली. गावातले लोक म्हणाले, “सगळे तयारच आहे. एक खाट टाका नि द्या.” वहिनींनी मात्र मला फोन करून विचारले, “हे कायद्यात बसते का?” पुढचे सात महिने मी या चार शब्दांचे उत्तर शोधीत होतो.

भुईखाली निजावे काय?

शहरातल्या वाचकांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. कारण हल्ली बंगला बांधताना हौसेने तळघर काढतात, तेथे गाद्यागिरद्या मांडतात, आणि पुढे मुले परगावी गेली की ‘एखादा विद्यार्थी ठेवावा’ असा विचार मनात येतो.

याचे कायद्यातले उत्तर सरळ आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये जी एकत्रीकृत विकास नियमावली आली, तीत तळघराचा उपयोग कशाकशासाठी करावा हे मोजून दिले आहे: सामानसुमान ठेवणे, वाहने लावणे, यंत्रसामग्री बसवणे आणि अशीच कामे. त्यात माणसाने बिऱ्हाड करणे बसत नाही. भिंतींना कितीही सुंदर रंग दिला, वातानुकूलन यंत्र लावले, तरी मंजूर नकाशात जे ‘तळघर’ आहे ते ‘शयनगृह’ होत नाही. उपयोग बदलायचा तर नगरपालिकेची परवानगी हवी, आणि भुईखालच्या जागेला राहण्यासाठी ती मिळत नाही.

ही काही सरकारी कटकट नव्हे. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी तीन तरुण मुले बुडून गेली. त्या तळघराला परवानगी होती ती सामान ठेवण्याची. चालत होते वाचनालय. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्क शहरात वादळी पाऊस झाला, तेथे दगावलेल्या तेरा माणसांपैकी अकरा माणसे तळघरातल्या बिऱ्हाडांतली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये सोल शहरात अर्ध्या भुईखालच्या घरातले एक कुटुंब असेच गेले. पाणी खालीच जाते, आणि खाली जो निजलेला असतो तो बहुधा गरीब असतो. पाण्याचा दाब दारावर आला की बाहेर उघडणारे दार माणसाला ढकलता येत नाही, एवढी साधी गोष्ट तीन देशांत सारखीच घडली.

हवेचेही तेच. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. पूर्वी धान्याची पेवे असत. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आधी त्यातला कोंडलेला वायू जाऊ द्यायचा, हा नियम घरोघर माहीत होता. कारण घाईने उतरलेली माणसे वर आली नव्हती. बंद तळघर आणि पेव यांत फरक थोडाच. तेथे थंडीत कोणी शेगडी पेटवून दार लावून घेतले, तर तो धूर दिसत नाही, खुपत नाही, नुसती झोप लागते.

तेव्हा वहिनींना मी पहिले उत्तर दिले ते ‘नाही’ असे. पण घराची मोजमापे घेतली तेव्हा निराळीच गोष्ट ध्यानात आली.

अर्धे भुईत, अर्धे उजेडात

आमचे गाव उतारावर आहे. रस्ता वर, मागचे अंगण खाली. त्यामुळे रस्त्याकडून पाहिले तर ती खोली तळघर. मागल्या दाराने पाहिले तर तळमजला. पुढची अर्धी बाजू मातीत दबलेली, मागची अर्धी सरळ अंगणाच्या पातळीवर. शहाद्याच्या एका इंजिनियरांना आणून दाखवले. त्यांनी फीत लावली, भिंत ठोकून पाहिली आणि सांगितले, “पुढचे अर्धे विसरा. ती कोठीच राहू द्या. मागच्या अर्ध्याचे घर होईल. पण नियमाप्रमाणे करावे लागेल.”

नियम म्हणजे राष्ट्रीय इमारत संहितेतली मापे. ती येथे देतो, कारण कोणाही घरमालकाला ती उपयोगी पडतील. राहण्याची एकच खोली असेल तर ती साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट तरी असावी, आणि रुंदी आठ फुटांहून कमी नसावी. उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. स्वयंपाकघर पाच चौरस मीटर. न्हाणी व संडास एकत्र असल्यास सुमारे तीस चौरस फूट. कोरड्या, उष्ण हवेच्या मुलखात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक-दशांश तरी हवे. दमट मुलखात ते एक-षष्ठांश. आणि घराची जमीन भोवतालच्या भुईपेक्षा ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच हवी.

शेवटच्या अटीनेच घोडे अडले. आमच्या खोलीची जमीन अंगणाच्या बरोबरीची. ती दीड फूट उंच करावी तर छत डोक्याशी येणार. उंची होती दहा फूट. यावर तोड काढली ती आमच्या गवंड्याने. तो म्हणाला, “जमीन अर्धा फूट चढवू, आणि अंगण एक फूट उतरवू.” अंगणात पन्नास वर्षांचा गाळ, राख आणि शेणमाती साचलेली होतीच. खोदता खोदता आजोबांच्या काळची दगडी पायरी वर आली. म्हणजे अंगण मुळात तेवढेच खाली होते! जमीन अर्धा फूट चढली, उंची साडेनऊ फूट राहिली, आणि नियमही पाळला गेला.

आता भिंत. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीत खिडक्या काढायच्या म्हणताच वहिनींच्या पोटात गोळा आला. पण आमच्याकडच्या जुन्या घरांचा भार मुख्यतः सागवानी खांबांवर असतो, भिंत बरीचशी आडोशाची. तरी इंजिनियरांनी घाई करू दिली नाही. आधी टेकू, मग एकाच खिडकीपुरते भगदाड, त्यावर लिंटल, ते वाळले की मगच दुसरी खिडकी. खोली चौदा बाय बाराची. तिला तीन बाय तीनच्या दोन खिडक्या दिल्या. १६८ चौरस फुटांचा दशांश साडेसोळा-सतरा. खिडक्या भरल्या अठरा. शिवाय आठ बाय सातचे स्वयंपाकघर, आणि अंगणात लागूनच सात बाय पाचची न्हाणी व संडास.

खिडक्यांच्या गजांची गोष्ट मात्र कॅनडातून आली. पुतण्याने तेथे स्वतःच्या घराचे तळघर कायदेशीर करून भाड्याने दिले आहे. तिकडे ही रीतच आहे. नवे आलेले आपले लोकही पहिली दोन वर्षे बहुधा अशाच तळघरात काढतात. ओंटारियो प्रांतात तळघराला मनाई नाही, पण अटी कडक. तो फोनवर म्हणाला, “काका, खिडकी उजेडापुरती नाही करायची. आग लागली नि दार अडले, तर माणूस खिडकीतून बाहेर पडला पाहिजे. इथे उघडझाप ०.३५ चौरस मीटर लागते आणि कोणतीही बाजू ३८ सेंटिमीटरपेक्षा कमी चालत नाही.” म्हणजे पावणेचार चौरस फूट आणि पंधरा इंच. आपल्याकडे चोराच्या भीतीने आपण खिडक्यांना पक्के गज ठोकतो आणि स्वतःलाच कोंडून घेतो. आम्ही एका खिडकीचे गज आतून कडी काढून उघडतील असे करवून घेतले. लोहाराला पाचशे रुपये जास्त पडले. धूर झाला की वाजणारी एक डबी पुतण्याच्या आग्रहाने छताला लावली. ती फोडणीलाही वाजते, पण तेवढे चालायचे.

ओल हा शेवटचा शत्रू. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दगडमातीची भिंत वातीसारखे पाणी वर ओढते. पुष्कळ लोक त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चोपडतात. मग पाणी बाहेर पडू शकत नाही, ते आतल्या आत वर चढते आणि दोन वर्षांत गिलावा फुगून पडतो. आम्ही खालून सोलिंग, मुरूम, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, मग कोबा आणि वर शहाबादी फरशी घातली. भिंतींचे सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला. रस्त्याकडच्या बाजूने चर खणून खडी भरली, म्हणजे पाणी भिंतीला लागण्याआधीच वाट काढते. कोठी व खोली यांच्यामध्ये पक्की भिंत घातली. कोठीत आता ज्वारी, भांडी आणि वहिनींची जुनी पेटी.

कागदांची वाट

बांधकामाला आरंभ करण्यापूर्वी कागद झाले होते, हे मुद्दाम सांगतो. पुष्कळजण आधी कुदळ मारतात, मग कागद शोधतात.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा, नमुना आठचा उतारा. तो काढला तर घर आजोबांच्या नावावर! आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली होती. खेड्यातल्या दर दुसऱ्या घराची हीच कथा. ज्याच्या नावावर घर तोच भाड्याने देणार. मग प्रथम वारसनोंद. सुरतेची पुतणी, कॅनडाचा पुतण्या, मी आणि वहिनी, सर्वांची नावे लागली. तदनंतर आम्ही तिघांनी लेखी संमती दिली की ही जागा वहिनींनी भाड्याने द्यावी व भाडे त्यांनीच घ्यावे. भावाभावांत गोडी आहे तोवरच असे कागद करून घ्यावेत. गोडी गेल्यावर ते होत नाहीत, आणि गोडी आहे तेव्हा ते मागायला संकोच वाटतो. आमच्या वहिनींना संकोच वाटला नाही, हे बरे झाले.

मग ग्रामपंचायतीकडे अर्ज. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गावठाणात घर बांधायचे, नव्याने उभारायचे वा त्यात फेरफार करायचा तर पंचायतीची आगाऊ परवानगी लागते. अर्जासोबत उतारा, नकाशा, संमतिपत्रे जोडली. गावठाणाबाहेर घर असेल तर प्रश्न वेगळा. तेथे जमीन बिनशेती आहे की नाही हे आधी पाहावे लागते. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली, तीत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरांच्या मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेतले आहे. ज्यांच्या गावी ती मिळत असेल त्यांनी ती जरूर घ्यावी. भाडे असो, कर्ज असो, पुढे सगळीकडे लागते.

काम झाल्यावर घरपट्टीची आकारणी वाढली. गावातले एक जाणते म्हणाले, “कशाला कळवलेत? कोणाला कळले असते?” वहिनी म्हणाल्या, “मलाच कळले असते.” विजेचे मीटर वेगळे घेतले. मालक आणि बिऱ्हाडकरू यांची निम्मी भांडणे पंखा किती वेळ चालला यावरून होतात. ती एका मीटरने मिटतात.

कराराच्या चार ओळी

भाडेपट्टा आणि परवाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सने, फक्त राहण्याची मुभा मिळते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात त्याची व्याख्या आहे. पण वर ‘परवाना’ असे नाव घातले म्हणजे झाले असे नाही. १९५९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की कागदाचे नाव काय यापेक्षा त्याचे सार काय, हे पाहिले जाईल.

‘अकरा महिन्यांचा करार’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे मंत्रासारखा चालतो. त्याचे मूळ एवढेच की १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. ती टाळण्यासाठी अकरा महिने. पण १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा जेथे लागू आहे तेथे ५५ व्या कलमाने प्रत्येक करार लेखी व नोंदणी केलेलाच हवा, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. ती जबाबदारी घरमालकाची, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, जोवर मालक तसे नाही हे सिद्ध करीत नाही. उलट नोंदलेला परवाना असेल आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर २४ व्या कलमाखाली सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येते आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई लागते. तेव्हा १९७३ ची धास्ती बाळगणाऱ्यांनी हे दोन आकडे, ५५ आणि २४, घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

हा कायदा नेमून दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे. सगळीच खेडी त्यात येत नाहीत. पण करार नोंदवायला कोणाची मनाई नाही, आणि खर्च तो कितीसा? भाडे महिना तीन हजार, अनामत दहा हजार, मुदत तीन वर्षे असे धरा. तीन वर्षांचे भाडे एक लाख आठ हजार. अनामतीवर दहा टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज तीन हजार. बेरीज एक लाख अकरा हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे २७७ रुपये ५० पैसे. नोंदणी फी ग्रामीण भागात पाचशे, शहरी भागात हजार. घरच्या संगणकावर, आधार आणि अंगठ्याच्या ठशाने हे होते. आठशे रुपयांच्या आतबाहेर तीन वर्षांची झोप मिळते. औषधाच्या दुकानात ती इतकी स्वस्त नाही.

बिऱ्हाडकरू कोण?

जागेला मागणी आहे हे आम्हांला ठाऊक होते. शिक्षक, आरोग्यसेवक अशा कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे असा सरकारचा आग्रह. घरभाडेभत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागणारा शासन निर्णय २०१९ साली निघाला आहे. सरकार म्हणते गावात राहा, आणि गावात राहण्याजोगी खोली नाही, म्हणून पुष्कळजण रोज तालुक्याहून ये-जा करतात. त्यांना दोष देणे सोपे आहे.

पहिली चौकशी आली ती सरकारी दवाखान्यातल्या एका परिचारिकेची. वय चोविसाच्या आसपास, धडगावकडची, पावरा समाजातली. धाकटा भाऊ बारावीला, तो सोबत राहणार. तिने अंगणातच सांगून टाकले, “काकू, आधी आडनाव सांगते. मग खोली दाखवा.” वहिनींनी विचारले, असे का? तर गावात चार ठिकाणी खोली होती. आडनाव ऐकल्यावर नव्हती.

वहिनी जुन्या वळणाच्या. त्यांचे देवघर, त्यांचे सोवळे, त्यांचे एकादशीचे नियम मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “रात्रपाळी असते का तुला?” ती म्हणाली, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. “मग मागल्या फाटकाची किल्ली तुझ्याकडेच राहू दे. मला रात्री उठवत जाऊ नकोस.” ती गेल्यावर मला फोन आला. “पोर चांगली शे, भाऊजी. करार करून टाका.”

भाऊबंदांपैकी एकदोघांनी नाके मुरडली. वहिनींनी त्यांना सांगितले की मला रात्री दम लागला तर तुम्ही येणार की ही? त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. करारात आम्ही चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या: भाडे पाच तारखेच्या आत व बँकेत; एक महिन्याची नोटीस दोहों बाजूंना; मोडतोड झाल्यास कोणी काय दुरुस्त करायचे; आणि खोलीत कोळशाची शेगडी नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरार कायद्याच्या नमुन्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. राज्यांनी स्वीकारावा म्हणून काढलेला तो नमुना आहे. पण आकडा न्यायाचा वाटला, म्हणून वहिनींनी दहाऐवजी सहाच हजार घेतले.

त्या गोष्टीला आता दुसरे वर्ष चालू आहे. एका श्रावणात वहिनींना खरोखरच रात्री दीड वाजता दम लागला. कोठीच्या भिंतीवर त्यांनी वाटी आपटली, आणि खालून ती मुलगी वर धावली. त्या रात्री तिला पाळी नव्हती हे आमचे नशीब. पण ती त्या घरात होती, हे नशीब नव्हे. ते आम्ही कागद करून मिळवले होते.

एक सूचना मात्र कोणत्याच कायद्यात नाही. ती वहिनींची आहे. काम पुरे झाले, रंग वाळला आणि मी ‘आता पाटी लावू’ म्हणालो, तेव्हा त्यांनी माझी वळकटी त्या खोलीत नेऊन ठेवली. “आधी तुम्ही निजा, भाऊजी. मे महिना आहे. दार लावून निजा.” मी निजलो. रात्री दोनच्या सुमारास हवा पडली आणि उकाड्याने जीव नको झाला. सकाळी गवंड्याला बोलावून छताजवळ समोरासमोर दोन झरोके पाडून घेतले. खालची गार हवा आत, वरची तापलेली बाहेर. दुसऱ्या रात्री पुन्हा निजलो, ते उजाडेपर्यंत. मगच पाटी लागली. ज्या खोलीत आपल्याला झोप लागत नाही, त्या खोलीचे भाडे घेऊ नये. ही सूचना कोणाही घरमालकाला पाळता येईल, आणि तिला मुद्रांकही लागत नाही.